जीभ टोचून घ्यायची तर एक नव्हे, दोन फेऱ्या धरा

कान सोनारानंच टोचावेत, ही म्हण कानापुरती खरी. जीभ सोनाराकडे नेऊ नका, आणि मॉलमधल्या काउंटरवरच्या बंदुकीपुढे तर मुळीच काढू नका. बंदूक बोथट टोकाचा खडा धक्क्यानं घुसवते, तिचं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकत नाही आणि तिच्या खड्याची दांडी सुजलेल्या जिभेला पुरत नाही. जिभेला लागते ती सीलबंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांदेखत काढलेली, एकदाच वापरायची पोकळ सुई. जाडी १४ गेज, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर.

स्टुडिओत गेल्यावर भिंतीवरचे फोटो बघण्याऐवजी प्रश्न विचारा. ऑटोक्लेव्ह आहे का, त्यात जंतू खरंच मरतात का हे बघणारी स्पोअर टेस्ट कधी केली? बार, म्हणजे जिभेत राहणारी दोन्ही टोकांना गोळ्या असलेली दांडी, कशाचा? 'इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, एएसटीएम एफ-१३६' हे उत्तर चालेल, तो शरीरात बसवायच्या धातूचा दर्जा आहे. नुसतं 'सर्जिकल स्टील' म्हणाले तर त्यावरून काहीच कळत नाही. आटे गोळीच्या खिळ्याला हवेत आणि दांडी बाहेरून गुळगुळीत हवी, कारण दांडीवरचे आटे ताज्या जखमेतून जाताना करवतीसारखे घासतात. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: सूज उतरल्यावर छोटा बार बदलून देता का, आणि त्याचे पैसे यातच धरलेत का? 'त्याची काही गरज नसते' असं कोणी म्हणालं तर पैसे देण्याआधी उठा.

हृदयाची झडप बदललेली असेल, जन्मजात हृदयदोष असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा साखर ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर विषय संपला.

वार निवडायलाही डोकं लावा. सूज सगळ्यात जास्त असते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. शनिवारी टोचलं तर ऐन सोमवार-मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंडात बटाटा धरल्यासारखं बोलाल. बुधवार किंवा गुरुवार बरा. दिवाळीच्या किंवा घरातल्या लग्नाच्या दोन आठवडे आधी तर हा उद्योग नकोच.

टोचण्याआधी पिअर्सरनं, म्हणजे टोचणाऱ्यानं, जीभ वर उचलायला लावून खालची बाजू नीट बघितली पाहिजे. तिथे मधोमध एक पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या शिरा दिसतात. सुई जाते मधल्या रेषेतून, त्या पट्टीच्या किंचित पुढे. जेन्शन व्हायोलेट या औषधी रंगाचे जांभळे ठिपके वर-खाली लावतात. वरचा ठिपका खालच्यापेक्षा थोडा मागे हवा, म्हणजे वरची गोळी मागे कलते आणि पुढच्या दातांवर आपटत नाही. पट्टी फार आखूड असेल तर जीभ टोचण्याजोगी नसते, आणि प्रामाणिक पिअर्सर तसं सांगून परत पाठवतो. जिभेच्या टोकातून आडवा बार घालायची फॅशन आहे, ती विसरा. त्यानं जिभेचे दोन वेगळे हलणारे भाग एकत्र बांधले जातात आणि दोन्ही गोळ्या दिवसभर दातांवर घासतात.

प्रत्यक्ष टोचणं किरकोळ: चूळ, गॉझ, चिमटा, श्वास सोडा, झालं.

पहिल्या आठवड्यात थंड खा आणि कमी बोला. बर्फाचे बारीक तुकडे चघळू नका, तोंडात विरघळू द्या. गार ताक, दही, मऊ भात, निवलेली नाचणीची पेज चालते. मिसळ, लिंबू, गरम चहा, दारू, सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. उपवास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीपासून लांब राहा; साबुदाणा दांडीला असा चिकटतो की काढता काढता जीभ सोलवटते. स्ट्रॉनं पिऊ नका, ओढीनं रक्त पुन्हा सुरू होतं. घास बोटांनी थेट दाढांवर ठेवा आणि जीभ सपाट ठेवून हळू चावा. हातानं जेवणाऱ्यांना हे पटकन जमतं. चमच्यानं खाणारे हमखास गोळीवर दात मारतात.

स्वच्छतेत लोक कमी नाही, जास्त करून बिघडवतात. प्रत्येक खाण्यानंतर स्वच्छ पाण्यानं चूळ, आणि दिवसातून तीन-चारदा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईननं अर्धा मिनिट गुळणी. घरी करायचं तर उकळून गार केलेल्या २५० मिलिलिटर पाण्यात पाव छोटा चमचा मीठ, त्याहून चिमूटभरही जास्त नाही. माउथवॉश वापरायचाच तर बिनअल्कोहोलचा. क्लोरहेक्सिडीन दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच, कारण फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. जिभेवर पांढरा थर दिसू लागला तर ते बहुतेकदा गुळण्या अती झाल्याचं लक्षण असतं. हळदीचा लेप, लवंगेचं तेल, तुरटी, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही उघड्या जखमेवर लावू नका, मग सल्ला आत्याचा असो की इंटरनेटचा. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिननं रक्त वाहतं. पावसाळ्यात ताप आला तर आयब्युप्रोफेनही परस्पर घेऊ नका. तो ताप डेंग्यूचा असला तर महागात पडेल.

ळ, ण, ट, ठ हे उच्चार आठवडाभर अडखळतात, कारण त्यांच्यासाठी जिभेचं टोक मागे वळावं लागतं आणि बार नेमका तिथेच आडवा येतो. 'काळे राळे, गोरे राळे' म्हणून बघायचा मोह आवरा. ळ आपोआप परत येतो.

आता खरा कठीण टप्पा: बार बदलणं. टोचताना मुद्दाम लांब बार घालतात, साधारण १८ ते २२ मिलिमीटरचा, कारण सुजलेल्या जिभेला जागा लागते. ती सूज उतरली की तोच बार तोंडात घड्याळाच्या लंबकासारखा हलू लागतो. मग दोन गोष्टी होतात. बोलताना खालची गोळी खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या हिरडीवर घासत राहते आणि हिरडी हळूहळू खाली सरकते. ती सहसा दुखत नाही, म्हणून आरशात दातांचं मूळ दिसेपर्यंत कळत नाही, आणि सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. दुसरं म्हणजे लांब दांडी सहज दातांखाली येते. ती चावायची सवय एकदा लागली की सुटत नाही. त्यातूनच दाढांचे कोपरे उडतात.

म्हणून सूज पूर्ण उतरल्यावर, बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दुसरी फेरी. वेळ झाली का ते असं ओळखा: तोंड मिटून जीभ सैल सोडा, मग हळूच तोंड उघडून आरशात बघा. वरची गोळी आणि जीभ यांच्यामध्ये दांडीचे दोन-तीन मिलिमीटर उघडे दिसत असतील तर निघा. जीभ ओढून बाहेर काढून मापू नका, ताणलेली जीभ पातळ होते आणि माप फसतं. नवा बार जिभेच्या मूळ जाडीपेक्षा एक-दोन मिलिमीटरच जास्त हवा. बऱ्याच जणांना १४ ते १६ मिलिमीटरचा बसतो.

हा बदल घरी आरशासमोर करू नका. कितीही सोपं वाटलं तरी नाही. भोक वरून भरलेलं दिसतं, पण आतून ताजंच असतं आणि बार काढल्यावर काही मिनिटांत आवळायला लागतं. त्यात लाळेनं गोळी निसटून बेसिनच्या जाळीतून जाते, बार हातात राहतो आणि पुन्हा घालताना तो नवीनच वाट करतो. पिअर्सर जुन्या दांडीच्या मागोमाग नवी सरकवतो, भोक क्षणभरही रिकामं राहत नाही. त्याला एक मिनिट लागतं.

कधी उलटही घडतं, आणि ते जास्त तातडीचं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज इतकी वाढते की लांब बारही अपुरा पडतो. गोळीखाली उथळ खळगा दिसला तर चिंता नाही. गोळीची कड जिभेत रुतून दिसेनाशी व्हायला लागली तर त्याच दिवशी आणखी लांब बार घालून घ्या. 'उद्या बघू' म्हणालात तर गोळीवर मांस चढतं आणि मग ती डॉक्टरांकडून सोडवून घ्यावी लागते.

पिवळट-पांढरा पातळ स्राव बरा होतानाचा असतो. घट्ट हिरवट पू, ताप, वाढत जाणारं दुखणं हा संसर्ग. डॉक्टरांकडे जा, पण बार परस्पर उपसू नका, वरचं भोक मिटून पू आत कोंडतो. जिभेखाली आणि हनुवटीखाली कडक सूज, गिळता न येणं, श्वासाला त्रास: हे दिसलं की अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग गाठा.

जखम बरी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चुंबनही नको. त्यानंतर रोज मऊ ब्रशनं खालची गोळी घासा. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, त्यामुळे तिथे दातांसारखंच कीटण चढतं. टोचल्यापासून बारा महिने रक्तदान करता येत नाही. एमआरआय असेल तर आधी सांगा.

सकाळ-संध्याकाळ धुतलेल्या हातांनी खालची गोळी धरून वरची उजवीकडे फिरवून घट्ट करा. गोळी कधी गिळली गेलीच तर ती बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. पण पाठोपाठ खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली तर ती श्वासनळीत गेलेली असू शकते. लगेच हॉस्पिटलात जाऊन एक्स-रे काढा, आणि उरलेला बार सोबत न्या, डॉक्टरांना गोळीचा आकार कळतो.