जात वैधता प्रमाणपत्र: कामाला अकरावीतच लागा

इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलची राखीव जागा हवी असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला हा दाखला जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून तपासून जात वैधता प्रमाणपत्र मिळवावे लागते. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांचीच फाईल अडकते. म्हणून अकरावीला प्रवेश झाला की कॉलेजकडून नमुना १५-अ वर प्राचार्यांची सही-शिक्का घ्या आणि ऑनलाइन अर्ज भरा. सोबत वंशावळीचे शपथपत्र (नमुना ३) आणि कागद खरे असल्याचे शपथपत्र (नमुना १७) लागते.

खरी मेहनत पुराव्यांची. जात सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा ठरावीक तारखेआधीचा हवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे वडिलांचा दाखला बहुधा अपुरा. आजोबा-पणजोबांकडे जावे लागते. त्यांच्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा चालतो, किंवा तहसील कार्यालयातल्या गाव नमुना १४ मधली, म्हणजे कोतवाल बुकातली, जन्म-मृत्यूची नोंद शोधा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आधी मिळवा, काम निम्मे होते. आईकडचे कागद इथे उपयोगाचे नाहीत. विवाहितेनेही माहेरचेच पुरावे जोडायचे.

फाईल अडते ती नावांवर. एका उताऱ्यात ‘गणपत’, दुसऱ्यात ‘गणू’, तिसऱ्यात आडनावच नाही. अशा वेळी ही एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र द्या आणि वंशावळीत दोन्ही नावे लिहा. जुन्या रजिस्टरात मात्र कोणाकडून काही ‘दुरुस्त’ करून घेऊ नका. वेगळ्या शाईतली जात समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाच्या नजरेत लगेच भरते आणि चांगली केसही संशयात जाते.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. पगारदारांच्या बाबतीत पद कोणते हे पाहतात. सेतू केंद्रावर हे माहीत नसल्याने अनेकजण उगाच परत फिरतात. दाखल्यावरची मुदत नीट वाचा: २०२६-२७ च्या प्रवेशाला ती ३१ मार्च २०२७ पर्यंत हवी.

जेईईतून आयआयटी-एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी राज्याचा ओबीसी दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा. राज्यात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) असलेल्यांना तिथे ओबीसी म्हणून अर्ज भरता येत नाही.

समितीत अर्ज दिल्याची पोचपावती जपून ठेवा. नुसत्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो की नाही आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी मुदतवाढ मिळाली, यावर विसंबू नका.