होम थिएटर घ्यायचंय? आधी टेप काढा

सिनेमा पाहताना तुमचा हात सारखा रिमोटकडे जातो का? संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्याच क्षणी गाडी उडाली की धडपडत कमी करायचा. या कटकटीला वैतागूनच बरेच जण होम थिएटर शोधायला निघतात. दुकानात गेल्यावर मात्र कटकट विसरून जी पेटी सर्वांत जोरात धडधडते तिच्यावर भाळतात. मीही भाळलो होतो. दुकानातल्या ऐसपैस दालनात ज्या सबवूफरनं, म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या पेटीनं, छाती हलवली, तो घरी आणून कोपऱ्यात ठेवला, तर प्रत्येक गाण्यात एकच सूर घूंऽऽ करत राहिला. पेटी चांगली होती. खोली मोजायची राहिली होती.

१. खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची आणि सोफ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर कागदावर लिहून काढा. यात गंमत अशी आहे की खोली स्वतःच एक वाद्य असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. खोली ४ मीटर लांब असेल, तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकतो. हा खर्ज भिंतीलगत फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका आणि नेमका मध्यावरही ठेवू नका. मागच्या भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतर सोडता आलं तर उत्तम.

आता खोलीत उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. मागोमाग टणटण असा प्रतिध्वनी आला, तर तुमचे पहिले पैसे जाड पडदे आणि सतरंजी यांवर जाऊ द्या. उघड्या फरशीवर आणि काचेवर आपटून आलेला आवाज महागड्या स्पीकरचंही मातेरं करतो. पडद्यांनी खर्ज मात्र आवरत नाही. त्याचा इलाज पुढे येतो.

२. चित्राचा आकार

यावर फार डोकं शिणवू नका. पडद्याचा कर्ण मोजा आणि त्याच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसा. ६५ इंची टीव्हीचा कर्ण १६५ सेंटीमीटर असतो, म्हणजे साधारण २ ते २.६ मीटर.

प्रोजेक्टरचा मोह होत असेल तर एवढं लक्षात ठेवा: प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, फक्त तिथे प्रकाश टाकायचं थांबवतो. त्यामुळे खोलीत जेवढा उजेड, तेवढाच तुमचा 'काळा' फिका. अंधार करता येत नसेल तर टीव्हीच बरा. यंत्र पडद्यापासून किती लांब ठेवावं लागेल ते थ्रो रेशोवरून, म्हणजे अंतर आणि चित्राची रुंदी यांच्या गुणोत्तरावरून कळतं. रेशो १.५ असेल, तर २ मीटर रुंद चित्रासाठी ३ मीटर अंतर लागणार.

३. स्पीकर किती आणि कोणते

खोक्यावर ५.१.२ असे आकडे दिसतात. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा डोक्यावरून आवाज देणाऱ्यांचा. डोक्यावरचा हा प्रकार डॉल्बी अॅटमॉस या ध्वनिपद्धतीमुळे रूढ झाला; २०१२मध्ये तो चित्रपटगृहांत आला आणि २०१४पासून घरांत. आवाज छतावर आपटवून खाली आणणारे स्पीकरही मिळतात, पण त्यांना सपाट, टणक छत लागतं. तिरप्या छताच्या खोलीत त्यांच्या नादी लागू नका.

माझं मत विचाराल तर मोठमोठ्या आकड्यांच्या सरंजामापेक्षा चांगलं ५.१ कधीही सरस. त्यातही जीव ओतायचा तो मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात, आणि रिमोटची कटकट तिथेच सुटते किंवा वाढते. तो डाव्या-उजव्या स्पीकरांच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर पडद्यावरून चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो. टीव्हीखालच्या कपाटात तो आत कोंबूही नका. कपाटाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि तोंड कानांकडे करा. पुढचे दोघे मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे तुमच्या किंचित मागे हवेत.

वायरी ओढणं शक्यच नसेल तर सबवूफरसह साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरांची लांबट पट्टी घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त त्यात सेंटरसाठी वेगळा स्पीकर आहे का, ते बघा.

४. वॉटच्या आकड्यांना भुलू नका

'पीएमपीओ' लिहिलेला आकडा दिसला की पुढच्या खोक्याकडे वळा. क्षणभराच्या झटक्याचा तो फुगवलेला आकडा असतो. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी ताकद पाहा, आणि तेही किती ओहमच्या स्पीकरला, किती चॅनल (स्पीकरांच्या वाटा) एकदम चालू असताना, हे विचारा. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. याउलट ८६ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो.

५. जोडणी

टीव्ही आणि रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) दोन्हींवर 'ईआर्क' असलेलं एचडीएमआय आहे ना, ते तपासा; टीव्हीचा आवाज त्यातूनच रिसीव्हरकडे जातो. साध्या 'आर्क'मधून दाबून लहान केलेला आवाज जातो, ईआर्कमधून मूळ दर्जाचा. ऑप्टिकल केबलमधून अॅटमॉस येत नाही.

६. दुकानात ऐकताना

दुकानदाराची ठेवणीतली चित्रफीत नको. तुम्हाला पाठ असलेला प्रसंग न्या. पावसात कुजबुजणारी दोन माणसं असली तर सोन्याहून पिवळं. दोन संच ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा, कारण जरा मोठा वाजणारा संच कानाला हमखास चांगला वाटतो.

७. घरी आल्यावर

आता खर्जाचा इलाज. सबवूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि आटोपशीर ऐकू येईल, तिथे सबवूफर मांडा. घरचे हसतील, हसू द्या. मग रिसीव्हरमध्ये बाकी स्पीकर 'स्मॉल' ठरवून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर बाजूला असला तरी बिघडत नाही.

रिसीव्हरसोबत आलेला मापनाचा माइक कानाच्या उंचीवर उभा करा, पंखा बंद करा आणि मोजणी चालू द्या. त्यानंतरही संवाद दबलेले वाटले, तर एकट्या सेंटरचा आवाज २-३ डेसिबलनं वाढवा. रात्री घर झोपलेलं असताना 'नाइट मोड' लावा. त्यात स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.