कोकणात स्पोर्ट्‌स कार घेताना: इंजिन कुठलं, ऑप्शन कुठले

"दादा, भरती येऊ दे, मग चढवा."

धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीवरच्या पोराने हे सांगितलं तेव्हा माझ्या गाडीच्या बंपरची खालची कड बोटीच्या लोखंडी फळीला टेकली होती आणि मागे आंब्याचा टेम्पो हॉर्नवर हात ठेवून उभा होता. चूक माझीच. ऑर्डर देताना मोठी चाकं हौसेने घेतली, गाडी आणखी खाली बसवणारं स्पोर्ट सस्पेन्शन घेतलं आणि पुढचा भाग उचलणारी लिफ्ट मात्र ‘उगाच खर्च’ म्हणून खोडली. शेवटी त्याच पोराने कुठूनतरी दोन लाकडी फळ्या आणून चाकांखाली सरकवल्या आणि गाडी चढली. वर्षभराने लिफ्ट नंतर बसवून मिळेल का म्हणून विचारलं, तर शोरूमवाल्याने नकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून मित्रमंडळींपैकी कुणी असली गाडी घ्यायला निघालं की ऑर्डरचा कागद आधी माझ्याकडे येतो. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी घर ते हमरस्ता मोजा

शोरूमला जाण्याआधी एक सकाळ स्वतःच्या रस्त्यावर घालवा. आपल्याकडची घरं बहुधा रस्त्याच्या वर नाहीतर खाली. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत वळलं की जांभ्याची चढण किंवा उतरण आलीच. एक सरळ फळी उताराच्या दिशेने ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवा आणि लेव्हल दाखवणाऱ्या ॲपमध्ये किती अंश येतात ते लिहून घ्या. सपाट जमीन संपून चढ सुरू होतो तो सांधा सगळ्यात वाईट, बंपर घासतो तो तिथेच.

मग गाडी बघायला जाल तेव्हा सुतळी घेऊन जा. पुढचा टायर जमिनीला टेकतो तिथून बंपरच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत ती ताणा आणि तिचाही कोन मोजा. हा आकडा घरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी जास्त हवा. सेल्समन हसेल, हसू द्या. माहितीपत्रकातल्या ग्राउंड क्लिअरन्सवर विसंबू नका. तो गाडीच्या पोटाचा असतो आणि आपल्याला काळजी नाकाची.

गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे लांबट, गोलसर उंचवटा. वाडीच्या तोंडाशी गावाने मिळून घातलेल्या डांबराच्या ढिगाला हे माप ठाऊक नसतं. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ किंवा वेसवी–बागमांडले यांपैकी एखादी फेरी तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर ओहोटीच्या वेळी जेटीवर जाऊन बोटीची फळी किती कलते ते डोळ्यांनी बघून या.

इंजिन: घाटात कुठला गिअर लागतो ते आठवा

सगळे भुलतात ते इथेच. उदाहरणाला पोर्शची ७१८ केमन घेऊ. पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, आता ती वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच मिळते. पण एकाच गाडीत तीन तऱ्हेची इंजिनं असल्यामुळे समजून घ्यायला सोयीची आहे. साध्या केमनमध्ये चार सिलिंडरचं २ लिटर टर्बो (म्हणजे पंख्याने जादा हवा कोंबून घेणारं), ३०० पीएस, म्हणजे ढोबळमानाने अश्वशक्ती. ‘एस’मध्ये २.५ लिटर टर्बो, ३५० पीएस. आणि जीटीएसमध्ये टर्बो नसलेलं, सहा सिलिंडरचं ४ लिटर, ४०० पीएस.

त्या ४ लिटरचा आवाज ऐकला की माणूस विरघळतो. मीही विरघळलोय. पण त्याची खरी गंमत काटा ७८०० आरपीएमकडे (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सरकायला लागल्यावर आहे, आणि दुसऱ्याच गिअरमध्ये तिथवर पोचेपर्यंत वेग ताशी १२० च्या पुढे गेलेला असतो. आंबा घाटात, समोरून एसटी वळणावर अर्ध्याहून जास्त रस्ता घेऊन येत असताना, हा प्रयोग करणार कुठे? टर्बो इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपासच जोर देऊ लागतं. साखरप्याहून वर चढताना वळणातून बाहेर पडताच जी ढकल हवी असते ती त्याच पट्ट्यात मिळते. २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय २ लिटरवर २६५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देते. कागदावर ती केमनच्या पासंगाला पुरत नाही, पण घाटात दोघींमधलं अंतर फार थोडं उरतं.

म्हणून माझा सल्ला असा, की एका मॉडेलची तीन इंजिनं असतील तर मधलं किंवा खालचं घ्या आणि वाचलेले पैसे ब्रेक, सस्पेन्शन आणि दिव्यांवर घाला. याला एक अपवाद करतो. गाडी एकच असेल आणि महिन्यातून दोनदा मुंबई गाठायची असेल, तर सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन घ्यावं. बीएमडब्ल्यू एम३४०आय मधलं ३ लिटरचं इंजिन ३७४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर देतं, ताकद चारही चाकांना जाते आणि मागे आईवडील बसू शकतात. खरीखुरी स्पोर्ट्‌स कार नव्हे, असं कट्टर लोक म्हणतील. म्हणोत. जुलैत पाण्याने भरलेल्या हायवेवर तिच्यात बसून बघा म्हणावं.

इंधनाचं आधीच बघून ठेवा. फ्युएल फ्लॅपच्या आत किमान किती ऑक्टेन लागतं त्याचा स्टिकर असतो. ९५ म्हटलं असेल तर तुमच्या तालुक्यात प्रीमियम पेट्रोल कुठल्या पंपावर कायम मिळतं ते स्वतः फिरून विचारा. ‘असतं कधी कधी’ हे उत्तर धरू नका. कमी ऑक्टेनचं भरलं तर हल्लीचं इंजिन फुटत नाही, ठिणगी उशिरा टाकून स्वतःला सांभाळून घेतं, पण ज्या ताकदीचे पैसे मोजले ती पूर्ण मिळत नाही. जुनी गाडी घेत असाल तर तिला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं का, हे मॅन्युअलमध्ये वाचा. विकणाऱ्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका.

गिअरबॉक्स

यात फार डोकं लावू नका. मॅन्युअल मिळत असेल आणि गाडी फक्त हौसेची असेल तर मॅन्युअल घ्या. बीएमडब्ल्यू एम२ आपल्याकडे सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळते, ही चैन आता दुर्मीळ होत चालली आहे. पण गणपतीला पनवेल ते माणगाव जो दोन-दोन फूट सरकत आला असेल त्याचा डावा गुडघा या बाबतीत माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल. ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) घेतलात तर अशा गर्दीत सारखी दोन फूट सरकू नका, पुढे चांगली जागा होऊ द्या आणि मग एकदाच घ्या. रांगत राहिलं की क्लच तापतो.

ऑप्शनचा कागद: तीन रकाने करा

ऑप्शनची यादी हातात आली की पेनने तीन रकाने पाडा. जे कारखान्यातच बसतं, जे नंतर बाहेर बसवता येतं आणि जे फक्त मिरवायचं आहे. पैसे पहिल्या रकान्यात घाला.

त्यात सगळ्यात वर पुढची लिफ्ट. पोर्श ९११ मध्ये ती नाक साधारण ४० मिलिमीटर वर उचलते आणि नवीन गाड्यांत ती जागाही लक्षात ठेवते. म्हणजे तुमच्या बेड्याशी आलात की आपणहून उचलते. लिफ्ट मिळत नसेल तर निदान खाली बसवणारं सस्पेन्शन घेऊ नका. कडक-मऊ होणारे डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) मात्र जरूर घ्या. काँक्रीटचा गुळगुळीत हायवे आणि गावातला खडखडता रस्ता एकाच दिवशी लागतो, आणि कायम कडक राहणारी गाडी दुसऱ्या महिन्यात पडवीत झाकून ठेवली जाते. अशी एक माझ्या पाहण्यात आहे.

मग दिवे. समोरच्याच्या डोळ्यावर न मारता बाकीचा रस्ता उजळणारे मॅट्रिक्स हेडलाइट महाग वाटतात. रात्री सागरी महामार्गावर, वळण संपतं तिथे मधोमध रवंथ करत बसलेली म्हैस एकदा वेळेवर दिसली की त्यांची किंमत वसूल.

चाकांच्या बाबतीत मी उलट सांगतो, यादीतलं सगळ्यात लहान घ्या. टायरवर २२५/४० आर १८ असं लिहिलेलं असतं. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, १८ हा इंचांतला रिम. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, ही त्या टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. २५५/३० आर २० घेतलात तर ती ७६.५ वर येते. तुमचा रिम आणि पावसाने उघडं पाडलेल्या खडीची धार यांच्यातली गादी साडेतेरा मिलिमीटरने कमी झाली. बऱ्याच स्पोर्ट्‌स गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर भरायचं किट असतं. टायरची भिंत फाटली तर किटचा काही उपयोग नाही. आरे-वारेच्या चढावर रात्री नऊ वाजता गाडी उचलून नेणाऱ्या सपाट ट्रकची वाट बघत बसायचं नसेल, तर छोटी स्टेपनी ऑप्शनमध्ये आहे का ते विचारा. आणि ट्रॅकसाठीचे, नक्षी कमी असलेले टायर कुणी फुकट दिले तरी जून ते सप्टेंबर नकोत. पाण्यावर ते तरंगतात.

ब्रेकचं थोडं सविस्तर सांगायला हवं. सिरॅमिक ब्रेक तापले तरी सहसा कमजोर पडत नाहीत, गंजत नाहीत, दिसतातही झकास. साध्या लोखंडी डिस्कवर मात्र आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळी रात्रीत तांबूस गंज चढतो. सकाळी गाडी काढताना पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात, मग डिस्क पुन्हा चकचकीत. घाबरायचं कारण नाही. आंबा घाटातून खाली उतरताना गिअर पाडून इंजिनावर वेग रोखलात तर चांगले लोखंडी ब्रेक भरपूर झाले. सिरॅमिक डिस्क बदलायची वेळ आली की लहानशी गाडी येईल एवढा खर्च सांगतात, म्हणून ते तिसऱ्या रकान्यात.

लाँच कंट्रोल (जागेवरून जोरात सुटायची सोय) देणारे स्पोर्ट पॅकेजही बऱ्याच अंशी तिथलेच. पण पॅकेज फोडून बघा. पोर्शच्या स्पोर्ट क्रोनोत स्टेअरिंगवर मोड बदलायची चकती येते, आणि ती रोजच्या कामाची आहे. कधी कधी एका हव्या गोष्टीसाठी चार नको असलेल्या घ्याव्या लागतात. मग त्या एकीची सुटी किंमत विचारून हिशेब करा.

सीटवर पैसे घाला, पण विचार करून. हवा खेळती ठेवणाऱ्या, छिद्रं पाडलेल्या चामड्याच्या सीट घेतल्या तर मे महिन्यात दुवा द्याल. फिक्या रंगाचं चामडं किंवा मखमलीसारखं अल्कांतारा घेऊन गाडी पावसात पंधरा दिवस बंद ठेवलीत तर उघडल्यावर बुरशीचा वास ठरलेला. घट्ट बकेट सीटमध्ये बसून आणि मुख्य म्हणजे उठून बघा. माझ्या आईने एकदा प्रयत्न केला, नंतर म्हणाली, "तुझी गाडी तूच चालव."

कापडी टपाची गाडी हवीच असेल तर टपाच्या कडेची पाणी वाहून जाणारी भोकं कुठे आहेत ते शोरूममध्येच दाखवून घ्या. मोहोर आणि पालापाचोळा त्यात अडकला की पहिल्या मोठ्या सरीला पाणी पायांपाशी येतं.

पेंटवरची संरक्षक फिल्म, सिरॅमिक कोटिंग, मॅट, डॅशकॅम ही सगळी दुसऱ्या रकान्यातली मंडळी, बाहेरून निम्म्यात करून घ्या. पुढच्या बंपरला फिल्म मात्र पहिल्याच आठवड्यात लावा. कार्बन फायबरची पट्टी, रंगीत सीटबेल्ट आणि दारातून जमिनीवर पडणारा लोगो यांचा विचार इतर सगळं झाल्यावर.

पैशांचा खरा हिशेब

कारखान्यातून आलेला प्रत्येक ऑप्शन बिलाच्या किमतीत धरला जातो आणि कर त्यावरही लागतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर आहे. पाच लाखांच्या ऑप्शनवर ६५ हजार असेच गेले, विम्याचा हप्ताही वाढला. आयात गाडीचा दर वेगळा असतो, तो आरटीओत विचारा. २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर, तो विवरणपत्रात वळता होतो. गोव्यातला पत्ता दाखवून जीए नंबर घ्या, असं सांगणारा सावंतवाडीत हमखास भेटेल. त्याच्या नादी लागू नका.

विम्यात झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) आणि टायर यांच्या जोडीला इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई) घ्याच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणचं काय झालं ते आपण पाहिलंय, आणि या गाड्यांचं हवा ओढणारं तोंड बरंच खाली असतं.

सही आणि ताबा

बुकिंगच्या कागदावर प्रत्येक ऑप्शन नावानिशी आणि कोडसह लिहून घ्या. ‘स्पोर्ट पॅकेज, वगैरे’ चालणार नाही. किंमत बुकिंगच्या दिवसाची धरणार की ताब्याच्या, हे लेखी हवं. आयात गाडी महिनोन्‌महिने येते आणि मध्ये रुपया हलतो. ताबा घेताना तोच कागद हातात धरून एकेक ऑप्शन चालवून बघा. लिफ्ट उचलते का, डॅम्पर मोड बदलतात का, चारही टायर एकाच मापाचे नसतील तर ते तसेच यायचे होते का.

जमलं तर ताबा दसऱ्याच्या सुमारास घ्या. रस्ते वाळलेले असतात, खड्डे बुजवायला सुरुवात झालेली असते. आणि शोरूममधून निघण्याआधी टोचनाचा हुक मागून घ्या. तो टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत फिरवून बसवायचा असतो, आणि काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. एकदा स्वतःच्या हाताने बसवून बघा.