पिस्तूल, रिव्हॉल्वर की बंदूक? नेमका शब्द कसा निवडावा

बातमीत, पंचनाम्यात किंवा कथेत शस्त्राचा उल्लेख करताना ते कसे धरले जाते, हे आधी पाहावे. खांद्याचा आधार न घेता हातात धरून जे झाडता येते ते हँडगन. दस्ता खांद्याला टेकवून लांब नळीने नेम धरावा लागतो ती बंदूक. बंदुकीच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतील, तर तिला रायफल म्हणावे, कारण त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा स्थिर राहते.

सर्वाधिक घोटाळा पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांत होतो. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात, बहुधा पाच किंवा सहा, बसवलेली असतात. सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले ते याच रचनेचे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र काडतुसे दस्त्यातील मॅगझीनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) असतात आणि प्रत्येक गोळीनंतर रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे कवच, बाहेर फेकली जाते. रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या हाताने काढेपर्यंत चक्रातच राहतात. म्हणून रिव्हॉल्वरमधून गोळ्या सुटताच जमिनीवर पुंगळ्यांचा सडा पडल्याचे लिहिले, तर जाणकार वाचकाचा संपूर्ण मजकुरावरचा विश्वास उडतो. ‘अर्धस्वयंचलित’ हा शब्दही जपून वापरावा. त्यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. प्रकार निश्चित कळला नसेल, तर अंदाजाने नाव देण्यापेक्षा नुसते ‘अग्निशस्त्र’ लिहिणे केव्हाही प्रामाणिक.

‘लघुशस्त्रे’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शासकीय तज्ज्ञ समितीच्या १९९७ च्या अहवालात एका व्यक्तीच्या वापरासाठी घडवलेल्या शस्त्रांना या गटात घेतले असून, त्यात रिव्हॉल्वर व पिस्तुलांबरोबर रायफली, सबमशीनगन आणि हलक्या मशीनगनही येतात. त्यामुळे केवळ पिस्तुले अभिप्रेत असताना ही संज्ञा वापरू नये.

गोळी आणि काडतूस यांतही फरक ठेवावा: पुंगळी, दारू, ती पेटवणारा प्रायमर आणि गोळी मिळून काडतूस होते, आणि नळीतून सुटते ती फक्त गोळी. मापांबाबत सांगायचे, तर कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास; ०.४५ कॅलिबर हे इंचातले माप आहे, ९ मिमी हे मिलिमीटरमधले. दोन्हींपुढे एकक लिहावे. छऱ्यांच्या बंदुकीचे ‘बारा बोअर’ मात्र लांबीचे माप नव्हे. नळीत बरोबर बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, असा त्याचा अर्थ. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद असते.