हॉटेलातल्या नोकरीआधी: सुरक्षिततेचे आणि आतिथ्याचे छोटे अभ्यासक्रम कसे निवडावेत, कसे करावेत

बारावीनंतर, किंवा बारावी अर्धवट टाकून, हॉटेलात कामाला लागू पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोर्स कोणता करू?’ हा असतो. त्याआधी ‘काम कोणते करणार?’ हे ठरवले, तर पैसे आणि आठवडे दोन्ही वाचतात. स्वयंपाकघर, वाढप, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस या चार खात्यांना लागणारी कौशल्ये वेगवेगळी आहेत, आणि एका दिवसापासून तीन महिन्यांपर्यंतच्या ज्या असंख्य अभ्यासक्रमांच्या जाहिराती दिसतात, त्यांतले फार थोडे चारही खात्यांत सारखे उपयोगी पडतात. ते थोडे म्हणजे अन्नसुरक्षा, प्रथमोपचार आणि अग्निसुरक्षा. माझ्या मते कोणत्याही खात्याचा कोर्स करण्याआधी हे तीन उरकून घ्यावेत. तिन्ही मिळून आठवडाभरही लागत नाही.

सुरुवात अन्नसुरक्षेपासून करावी, कारण या प्रशिक्षणाची गरज मालकालाही असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ या नावाने प्रशिक्षण सुरू केले असून, अन्न हाताळणाऱ्या दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. मूलभूत पातळीचा वर्ग अर्ध्या दिवसाचा असतो आणि केटरिंग, रस्त्यावरील खाद्यविक्री असे व्यवसायानुसार त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. आपण ज्या जागी काम करणार तोच प्रकार निवडावा. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून नोकरी दृष्टिपथात आल्यावरच हा वर्ग करणे शहाणपणाचे ठरते.

या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक गोष्ट मनात पक्की बसली, तरी फी वसूल झाली असे समजावे. ती म्हणजे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचा, आणि मधल्या पट्ट्यातून तो शक्य तितक्या लवकर पार करायचा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात लग्नाच्या ऑर्डरची वीस किलोची बिर्याणीची हंडी रात्री अकरा वाजता उरते, कोणीतरी तिच्यावर झाकण ठेवते आणि ‘थोडी निवली की फ्रिजमध्ये टाकू’ असे म्हणते. एवढ्या मोठ्या हंडीचा मधला भाग पहाटेपर्यंत कोमटच राहतो. योग्य पद्धत अशी की बिर्याणी उथळ ट्रेमध्ये पसरावी, दोन तासांत तिचे तापमान २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरवावे, आणि ट्रेवर तारीख व वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी. वर्गात प्रोब थर्मामीटर प्रत्येकाच्या हातात दिला जातो का, हे आधी विचारून घ्यावे. पदार्थाच्या मध्यभागी तो कसा खुपसायचा आणि दोन पदार्थांच्या मध्ये कसा पुसून निर्जंतुक करायचा, हे नुसते पाहून येत नाही.

याच टप्प्यावर वैद्यकीय कागदपत्रांचे काम उरकावे. अन्न हाताळणाऱ्या कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्याला विषमज्वरासारख्या आतड्याच्या रोगांविरुद्ध लस दिलेली असावी, असे नियम सांगतात. मुलाखतीला जाताना हा दाखला सोबत असेल, तर रुजू होण्याचे काही दिवस वाचतात.

प्रथमोपचाराचा वर्ग सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉस यांच्यासारख्या जुन्या, ओळखीच्या संस्थेतून करावा. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रथमोपचार पेटीची जबाबदारी प्रमाणपत्रधारक व्यक्तीकडे असावी अशी तरतूद होती. त्यामुळे औद्योगिक कॅन्टीनमध्ये नोकरी शोधणाऱ्याला या कागदाचा थेट उपयोग होतो. वर्ग निवडताना मात्र एकच कसोटी लावावी: हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावर, प्रत्येकाकडून, निदान दोन मिनिटे सलग करून घेतला जातो का? मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहिले की दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात, आणि माणूस का बदलावा लागतो ते तेव्हा कळते. स्वयंपाकघरातल्या माणसाने भाजण्याचा आणि कापण्याचा भाग विशेष लक्ष देऊन शिकावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते थंड पाणी, आणि दुसरे काहीही नाही. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. प्रत्येक किचनमध्ये टूथपेस्ट घेऊन धावत येणारा एक जुना, प्रेमळ उस्ताद असतोच. त्याचा मान राखून जखम नळाखाली धरून ठेवणे हेही एक कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही.

अग्निसुरक्षेच्या बाबतीत मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, आणि त्यांतले बहुसंख्य तिथलेच कर्मचारी होते. हा वर्ग आपण फक्त पाहुण्यांसाठी करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका एकदिवसीय वर्गाला बसलो होतो. चाळीस जण होते, वातानुकूलित सभागृह होते, पडद्यावर अग्निशामकांची रंगीत चित्रे होती, आणि चार वाजता सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली. चहाच्या वेळी दाराजवळ टांगलेला लाल सिलिंडर खाली घेऊन शेजारच्या मुलाला सहज म्हटले, चालव. त्याने मूठ दाबली; पिन जागच्या जागीच होती. दिवसभरात ‘पिन ओढा’ हे शब्द त्याने निदान पाच वेळा ऐकले होते. तेव्हापासून मी एकच सांगतो: ज्या वर्गात मोकळ्या जागेत खरी आग पेटवून ती प्रत्येकाकडून विझवून घेत नाहीत, त्या वर्गाला पैसे देऊ नयेत. पिन ओढायची, नळीचे तोंड ज्वाळेच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरायचे, मूठ दाबायची आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे फिरवायचे. हाती धरण्याचा पावडरचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, त्यामुळे चुकायला फारसा वाव नसतो.

किचनमध्ये जाणाऱ्याने प्रशिक्षकाला दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. पहिली गोष्ट कढईतल्या तेलाची. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले की ते क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडवते. म्हणून बर्नर बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती जागची हलवू नये. मोठ्या फ्रायरसाठी वेट केमिकल प्रकारचा अग्निशामक असतो, तो पावडरच्या सिलिंडरपेक्षा कसा वेगळा आहे हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट गॅसची. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत आणि तळघरात साचतो. वास आल्यावर एक्झॉस्ट चालू करण्यासाठी हात स्विचकडे जातो, आणि नेमके तेच करायचे नसते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरांची जोडणी, मॅनिफोल्ड (सगळे सिलिंडर एकत्र जोडणारी नळी) आणि मुख्य वाल्व्ह वर्गात दाखवत नसतील, तर कामाच्या जागी पहिल्याच दिवशी दाखवून मागावे.

ही तीन प्रमाणपत्रे हाती आल्यावर खात्याच्या कौशल्याकडे वळावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना सुरू केली आणि तिच्यातून खाद्यपदार्थ निर्मिती, वाढप, हाउसकीपिंग यांसारखे सहा ते आठ आठवड्यांचे विनाशुल्क वर्ग सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थांमध्ये घेतले गेले. मुंबईत दादरची संस्था १९५४ पासूनची, गोव्यात पर्वरीची आणि पुण्यात शिवाजीनगरची राज्य संस्था. या तीन ठिकाणी स्वतः जाऊन सूचनाफलक वाचावा आणि चालू वर्षी कोणते छोटे वर्ग भरणार आहेत याची कार्यालयात चौकशी करावी. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालील केंद्राकडे पाहावे. तिथले हॉटेल क्षेत्राचे अभ्यासक्रम पर्यटन व आतिथ्य क्षेत्र कौशल्य परिषदेच्या मानकांवर बेतलेले असतात आणि त्यांना राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील पातळी दिलेली असते. खानावळीत किंवा लॉजमध्ये जे आधीच काम करत आहेत, त्यांना पूर्ण वर्ग करण्याची गरज नसते. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची वेगळी सोय आहे, तिच्यात थोडक्या मार्गदर्शनानंतर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. नाव नोंदवताना आधार कार्डावरचे स्पेलिंग जसेच्या तसे लिहावे. ‘जाधव’मधला एक इंग्रजी ‘एच’ पुढे कागदपत्रे पडताळताना किती त्रास देतो, हे त्यात सापडलेल्यालाच ठाऊक.

खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी एक तास तिथल्या चालू वर्गात बसू द्या अशी विनंती करावी. प्रशिक्षणाच्या किचनमध्ये किती बर्नर चालू आहेत, हाउसकीपिंगच्या सरावखोलीतल्या गादीवर रोज चादर बदलली जाते की ती फक्त पाहुण्यांना दाखवायला अंथरली आहे, हे तेवढ्यात कळते. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ लिहिलेल्या फलकापेक्षा गेल्या तुकडीतल्या दोघातिघांशी झालेले बोलणे अधिक भरवशाचे असते.

हाउसकीपिंगच्या वर्गात बेड कसा करावा यावर बराच वेळ जातो, आणि रसायनांवर कमी. खोल्यांमध्ये वापरायच्या द्रवांना कामगार ‘आर-वन’, ‘आर-टू’ अशाच नावांनी ओळखतात: आर-वन बाथरूमचे, आर-टू सर्वसाधारण पुसण्याचे, आर-थ्री काचेचे, आर-सिक्स कमोडचे. यांतले आर-सिक्स आम्लधर्मी असते. कमोड अधिक स्वच्छ व्हावा म्हणून त्याच्यावर कोणी ब्लीच ओतले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या छातीत तो आधी जातो. पाण्यात किती मिसळायचे, पाण्यात रसायन टाकायचे की रसायनात पाणी, हातमोजे कोणते आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत द्रव का भरू नये, एवढे चार मुद्दे जो वर्ग नीट शिकवतो तो चांगला वर्ग.

सेफ्टी ऑफिसर होण्याच्या जाहिरातींबद्दल सावध राहावे. पंधरा दिवसांच्या वर्गाने कोणी कारखान्याचा कायदेशीर सुरक्षा अधिकारी होत नाही. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते, आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत चालणारी अशी पदविका एक वर्षाची आहे. आखाती देशांत जाणाऱ्यांकडे नेबॉश किंवा आयॉश या ब्रिटिश संस्थांची प्रमाणपत्रे मागितली जातात. तिथे त्यांना किंमत आहे, पण इथल्या कारखान्यात ती पदविकेची जागा घेत नाहीत. छोटा वर्गच हवा असेल, तर बेलापूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे दोन-तीन दिवसांचे वर्ग पर्यवेक्षकांना उपयोगी पडतात.

क्रूझवर जाण्याचे स्वप्न गोवा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरोघरी आहे. त्यासाठी लागणारे एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, मूलभूत वर्ग, म्हणजे समुद्रात तग धरणे, आगीशी सामना, प्राथमिक प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षा, हे नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतच करावे लागतात, आणि बाहेर केलेला प्रथमोपचाराचा किंवा आगीचा वर्ग त्यांत धरला जात नाही. पण हे वर्ग फार आधी करू नयेत. क्रूझ कंपन्या सहसा हॉटेलातला अनुभव मागतात, आणि तग धरण्याच्या व आगीच्या वर्गांची पाच वर्षांनी उजळणी करावी लागते. अनुभव मिळेपर्यंत मुदतीतली दोन वर्षे फुकट जातात. भरती करणाऱ्या एजंटाकडे महासंचालनालयाचा परवाना आहे का हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

नोकरी लागल्यावर पहिल्या पाळीआधी अर्धा तास लवकर जावे. गणवेश घालण्यापूर्वी आपल्या जागेपासून मागच्या दारापर्यंत एकदा चालून पाहावे, दार बाहेरच्या बाजूला उघडते की आत, आणि त्याला कुलूप आहे का, हे हाताने ढकलून पाहावे. वाटेत अग्निशामक कुठे आहे, त्याच्या मापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि प्रथमोपचार पेटीची चावी कोणाकडे असते हे विचारून घ्यावे. मागच्या दारापुढे बहुतेक ठिकाणी कांद्याची पोती रचलेली असतात. ती हलवायला नवीन माणसाने पहिल्याच दिवशी सांगणे अवघड जाते. तेव्हा ‘ही कुठे ठेवू?’ असे विचारत एक पोते आपणच उचलावे.