घरातल्या मायनरला आवाज अडवणारी पेटी करताय? आधी वाऱ्याचं गणित करा

बेळगावात शहापूर-वडगावकडं घराला घर चिकटून, तिथं मायनर, म्हणजे बिटकॉइन कमवायला रात्रंदिवस चालणारं कॉम्प्युटर मशीन, लावला की पहिली तक्रार शेजारच्या काकूंची येणारच. मागाच्या खडखडाटाची सवय असलेल्या गल्लीतसुद्धा येते, कारण अँटमायनर एस9 सारख्या मशीनचा आवाज साधारण 75 डेसिबल, तोही रात्रंदिवस एकाच पट्टीत, कानात शिरणारा. मग लोक प्लायची पेटी करतात, आतनं फोम चिकटवतात, बारकं भोक ठेवतात आणि थोड्या वेळात मशीन तापून बंद पडतंय. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की पेटीचं माप काढायच्या आधी किती वारं लागणार ते काढा, पेटी त्याच्यावरनं ठरते.

मायनर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एस9 ची साधारण 1350 वॅट, एस19 ची 3250. वॅटला 1.76 नं गुणायचं, आणि आत येणारी हवा नि बाहेर पडणारी हवा यात किती अंशांचा फरक चालेल त्यानं भागायचं, आलं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. 10 अंश धरले तर एस9 ला 238 आणि एस19 ला 572. आता आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, हवा थोडी विरळ, म्हणून वर दहा टक्के घाला, म्हणजे 260 आणि 630. आणि फॅनच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो हे विसरू नका, पाईप, वळणं, फिल्टर लागले की तो बराच खाली येतो, कधी कधी निम्म्यावर, तेव्हा एस9 ला सुद्धा 6 इंचीच्या नादाला न लागता 8 इंची इनलाईन फॅन (पाईपाच्या मधेच बसणारा) घ्या आणि स्पीड कमी ठेवून चालवा, आवाजपण कमी येतो.

अथणी-चिकोडीकडच्यांनी एक ध्यानात ठेवा. एस9 ला आत जाणाऱ्या हवेची मर्यादा 40 अंश, आणि एप्रिल-मेत तिकडं सावलीतच पारा तिथपर्यंत जातो. फॅन कितीही मोठा लावा, बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा तो आणणार कुठनं? दुपारी मशीन कमी पॉवरवर चालवायचं, नाहीतर सरळ बंद ठेवायचं.

पेटीत आडवी फळी घालून दोन कप्पे करा, एक गार एक गरम. फळीला मायनरच्या अंगाएवढं भोक पाडायचं, मायनर त्यात असा बसवायचा की तोंड गार कप्प्यात आणि पाठ गरम कप्प्यात, आणि भोवतीची फट रबराच्या पट्टीनं पक्की बुजवायची. ही फट राहिली की गरम वारं मागं फिरून परत मायनरच्या तोंडात जातं, आणि बाहेर थंडी असली तरी मशीन तापतं. इनलाईन फॅन गरम कप्प्यातलं ओढून बाहेर टाकणार, आणि तो शक्यतो खिडकीजवळ बसवा, म्हणजे घरातला पाईप ओढीखाली राहतो आणि गरम हवा खोलीत गळत नाही.

आवाज अडतो तो वजनानं आणि वळणांनी. 18 मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या, एमडीएफ खानापूरच्या पावसात फुगतंय. हवेच्या दोन्ही वाटा सरळ न ठेवता नागमोडी करा, प्रत्येक वळणाला 50 मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लादी, लावा (हातमोजे, मास्क घालूनच), त्यावर काचेच्या तंतूचं कापड. वाट मात्र मोकळी पाहिजे. 8 इंची पाईपाचं तोंड साधारण 50 चौरस इंच, तर रॉकवूल लावल्यावर राहणारी वाट 10 बाय 10 इंच तरी ठेवा, हवा सावकाश गेली की शिट्टी वाजत नाही. अंड्याचे ट्रे आणि साधा फोम अजिबात नको, दोन्ही पेट घेतात आणि आवाजपण अडवत नाहीत. पेटीखाली रबर घाला, नाहीतर माडीच्या लाकडातनं सगळी थरथर खाली उतरते.

पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं येतंय, म्हणून गरम हवेचं तोंड पूर्वेला काढा आणि खाली वळवा. समोरनं झोत आला की फॅनची ताकद त्याच्याशी झुंजण्यातच जाते. गार हवेच्या तोंडाला फिल्टर पाहिजेच, निपाणीत वखारीजवळ तंबाखूची धूळ, खानापुरात लाल माती, आणि फिल्टरची चौकट तोंडापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी करा, म्हणजे लवकर तुंबत नाही.

यातली एकच गोष्ट कधीही गाळू नका, थर्मल कटऑफ. इनलाईन फॅन बंद पडला आणि मायनर चालूच राहिला तर बंद पेटी फार लवकर तापते. गरम कप्प्यात थर्मोस्टॅट, 60 अंशाला लावलेला, तो कॉन्टॅक्टरमार्फत (जादा करंट झेपणारा विजेवर चालणारा स्विच) मायनरची लाईन तोडणार. शेजारी स्मोक डिटेक्टर. एस19 घेणार असाल तर 230 व्होल्टला साधारण 14 अँपिअर सतत चालणार, त्याला वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी इलेक्ट्रिशियनकडनं टाकून घ्या, हेस्कॉमच्या बिलावर मंजूर लोड किती आहे तेपण बघा. एस9 सुद्धा दिवसाला 32 युनिट घेतो, हा हिशोब घरच्यांना आधीच सांगा.

सगळं झालं की उदबत्ती लावा. मायनर चालू करून गरम कप्प्याच्या प्रत्येक सांध्याजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर बरोबर, बाहेर फेकला गेला तर इनलाईन फॅन मायनरच्या फॅनपुढं कमी पडतोय, स्पीड वाढवा नाहीतर वळणं मोकळी करा. मग एक थर्मामीटर मायनरच्या तोंडाशी, एक पेटीबाहेर, गार हवा आत शिरते त्या तोंडाशी ठेवा, तासाभरानं दोघांत 2-3 अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर कुठनं तरी गरम वारं परत येतंय, फळीच्या कडा पुन्हा तपासा. ही परीक्षा भर दुपारी करा, संध्याकाळच्या गार वाऱ्यात सगळ्याच पेट्या चांगल्या चालतात.