जैवविविधतेवर व्हिडिओ करायला शिकताना

सोशल मीडियासाठी जैवविविधतेवर व्हिडिओ कसे करावेत, हे शिकवणाऱ्या कार्यशाळांत मी आधी शिकायला बसले, आता शिकवते. या वर्गात मुख्यतः दोन जातकुळीची माणसं येतात. पत्रकारांकडे आकडे असतात, अहवाल असतात, तज्ज्ञाचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं, असतो; पण कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की बातमीपत्राचा सूर लागतो आणि पहिली दहा सेकंदं प्रस्तावनेतच जातात. क्रिएटरला पहिल्या दोन सेकंदांत बघणाऱ्याला कसं धरून ठेवायचं ते नेमकं कळतं. मात्र "हे कुठून कळलं?" असं विचारलं की तो दुसऱ्या कुणाच्या तरी रीलकडे बोट दाखवतो. म्हणून जोड्या लावताना मी एकाला एक उलटा देते. सुरुवातीला कुरबुर होते. होऊ द्यावी.

नवख्यांची पहिली स्क्रिप्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते: देखणा पक्षी, मागे बासरी आणि शेवटी 'निसर्ग वाचवा'. त्यात प्राणी असतो, पण घडत काहीच नाही. जैवविविधता म्हणजे सुंदर जिवांची यादी नव्हे, कोणाचं कोणावाचून अडतं याचा तो हिशेब आहे. त्यामुळे स्क्रिप्ट हातात आली की मी एवढंच विचारते, "यात कोण काय करतंय?" उत्तर आलं नाही, तर शूटिंगला निघायचं नाही.

सरावासाठी माझा लाडका विषय म्हणजे वांग्याचं फूल. त्याचे पिवळे परागकोश बहुतेक फुलांसारखे उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोकं असतात. मोठ्या काळ्या भुंग्याची मादी येते, फुलाला लटकते, परागकोश जबड्यात धरते आणि पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवते. मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसे परागकण तिच्या पोटावर पडतात. मध देणाऱ्या मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. आता गंमत पाहा: उडताना भुंग्याचा आवाज खर्जातला असतो आणि फूल धरल्यावर तोच एकदम वर चढतो. सगळी गोष्ट त्या चढलेल्या सुरात आहे. आणि बहुतेक जण एडिट करताना नेमकं त्याच्यावर ट्रेंडिंग गाणं टाकतात!

म्हणून या व्हिडिओला संगीत नाही, असा आमचा नियम. भुंग्यामागे धावायचं नाही. एक फूल निवडून फोन ट्रायपॉडवर लावायचा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं आणि वाट बघायची. वारा असेल तर थांबायचं, देठ चिमट्याने बांधायचा नाही. स्लो मोशनमध्ये थरथर छान दिसते, पण आवाजाची वाट लागते, म्हणून एक क्लिप साध्या वेगात वेगळी घ्यायची आणि त्यातला आवाज वापरायचा. खूप लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा 'आवाज सुरू करा, आता सूर बदलेल' अशी कॅप्शन आधीच हवी. कॅप्शन अगदी खाली किंवा उजव्या कडेला टाकू नका, तिथे ॲपची बटणं येतात. मग शेवटचा शॉट वाळक्या लाकडाचा, कारण या भुंग्याची मादी लाकूड पोखरून त्यात घर करते. आवारातलं वाळकं लाकूड 'कचरा' म्हणून उचललं की तिची राहण्याची जागा जाते आणि फळधारणेला मिळणारा हातभारही कमी होतो. फूल, भुंगा, लाकूड. यात 'परिसंस्था' हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

आकड्यांकडे वळू. इथे पत्रकारसुद्धा घसरतात. डब्ल्यूडब्ल्यूएफ या संवर्धन संघटनेच्या २०२४ च्या 'लिव्हिंग प्लॅनेट' अहवालातला ७३ टक्क्यांचा आकडा घ्या. 'जगातले ७३ टक्के वन्यजीव संपले' असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. नजर ठेवलेल्या ५,४९५ जातींच्या सुमारे ३५ हजार समूहांचा आकार १९७० ते २०२० या काळात सरासरी किती घटला, ते हा आकडा सांगतो. त्यातले काही समूह वाढलेही आहेत. तसंच आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०१९ च्या अहवालातल्या दहा लाख जातींचं. त्या नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, नामशेष झालेल्या नाहीत. तीस सेकंदांत एवढं समजावता येत नसेल, तर आकडा गाळा. चुकीच्या आकड्यापेक्षा भुंगा बरा.

तज्ज्ञाचा बाइट घेताना 'याचं महत्त्व काय?' असं विचारलं की भाषण मिळतं. 'हे तुम्ही पहिल्यांदा कसं पाहिलंत?' असं विचारा, हात हलायला लागतात. स्क्रिप्टमधली तथ्यं त्यांच्याकडून तपासून घ्यावीत, व्हिडिओ कसा कापायचा हे मात्र त्यांच्यावर सोडू नये.

आता सर्वांत नाजूक भाग. २००९ मध्ये स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या, रात्री फिरणाऱ्या छोट्या प्राण्याला गुदगुल्या करतानाचा एक व्हिडिओ जगभर फिरला. हात वर करून बसलेला तो इवलासा प्राणी लोकांना मजेत असल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात ती त्याची बचावाची मुद्रा असते: कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळून तो विषारी चावा घेऊ शकतो. या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या करारानुसार बंदी आहे, तरी पाळीव म्हणून त्याची मागणी आहेच आणि विकण्याआधी त्याचे दात काढले जातात. वर्गात मी हा व्हिडिओ आधी आवाज न लावता दाखवते आणि 'प्राण्याला काय वाटतंय?' असं विचारते. बहुतेक जण 'खूश आहे' म्हणतात. मग पुढचं शिकवणं सोपं जातं: वन्य प्राणी हातात धरलेला शॉट नको, घरट्यावर ड्रोन नको, पक्षी पुढे यावा म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं नको.

जागेबद्दलही तेच. दुर्मीळ ऑर्किड किंवा कासवाचं नेमकं ठिकाण तुम्ही सांगितलं नाहीत, तरी मागची टेकडी किंवा पाटी ते सांगून टाकते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची ठिकाणं आपोआप धूसर केली जातात, तुम्हाला मात्र हे काम हाताने करावं लागेल. लोकेशन टॅग बंद, ओळखीची खूण फ्रेमबाहेर आणि पोस्ट काही दिवस उशिरा.

कामाचं म्हणाल तर वृत्तसंस्था, संशोधन संस्था आणि संवर्धन संघटना, तिघांनाही अशी माणसं लागतात, पण नियमित पगाराची पदं थोडीच. बरेच जण दुसऱ्या कामासोबत हे करतात. एखादी कंपनी पैसे देऊन 'हिरवा' व्हिडिओ करून घ्यायला आली, तर त्या कंपनीचं मूळ काम काय ते आधी बघा आणि घेतलंत तर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा.

अशा प्रशिक्षणासाठी अर्ज करताना चकचकीत शोरील, म्हणजे निवडक कामाचा व्हिडिओ, पाठवण्यापेक्षा एखादी न कापलेली, मिनिटभराची क्लिप जोडा: एकच जीव, एकच कृती, आवाजासकट. किती फॉलोअर आहेत हे मी शेवटी बघते, कधी कधी बघतही नाही. त्या मिनिटात कॅमेरा स्थिर होता का आणि प्राण्याने तुमची दखल न घेता आपलं काम चालू ठेवलं का, एवढ्यावर माझी निवड बरीचशी ठरते.